नाकातलं वजन

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोला नाही, आणि ज्याच्याशी असा वागलो त्याला तर नाहीच. एका माणसाने मला फोनवर साधा प्रश्न विचारला. खरं उत्तर मला माहीत होतं. मी खोटं दिलं. विसरलो नव्हतो, घाईतही नव्हतो. त्याचं विमान चार लोकांसमोर शेपटावर बसावं असं मला वाटत होतं, आणि ते तसंच बसलं.

विमान प्लास्टिकचं. खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाचं, वितीपेक्षा थोडं मोठं. अशी विमानं खोक्यात सुट्या भागांत मिळतात. भाग कापायचे, घासायचे, चिकटवायचे, फटी पुट्टीने बुजवायच्या, रंग मारायचा, आणि शेवटी नंबर आणि खुणा पाण्यात भिजवून एकेक करून बसवायच्या. सांगायला सोपं आहे. पंचविशीपासून मी ही विमानं बनवतोय असं लोकांना सांगत आलो. खरं म्हणजे पंचविशीपासून मी खोकी विकत घेतोय.

लोणावळ्यात आमच्या घरी आतल्या खोलीत एक लोखंडी कपाट आहे. त्यात खोकी. कपाट भरल्यावर दिवाणात, दिवाण भरल्यावर माळ्यावर. काही न उघडलेली, पण बरीचशी उघडलेली. एकाचे पंख जोडलेत, चाकं नाहीत. एकाला रंगाचा पहिला हात दिलाय, दुसरा राहिलाय. एकाची खुर्ची आणि आतली घड्याळं इतकी बारीक रंगवलीत की भिंगातून बघावीत, आणि त्याला अजून बाहेरचं धडच नाही.

मी तळेगावच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. आमच्याकडे माल तपासल्यावर पास होतो किंवा रिजेक्ट होतो. पण कधी कधी ठरवता येत नाही. मग त्याला पिवळं लेबल लावून बाजूच्या रॅकवर ठेवतात. त्याला होल्ड म्हणतात. होल्डचा माल पडून राहिला तरी कुणी तुम्हाला थेट दोष देत नाही, ही त्यातली सोय. हा शब्द मी घरी आणला आणि बायकोने तो उचलला. नवं खोकं आलं की ती चहा ठेवता ठेवता विचारायची, "हे पासला की थेट होल्डला?"

कारणं माझ्याकडे भरपूर होती. लोणावळ्यात जूनपासून रंग मारता येत नाही. हवेत एवढं पाणी असतं की फवारलेला रंग वाळताना पांढुरका पडतो, दुधाची साय धरल्यासारखा. पाऊस संपला की दिवाळीची आवराआवर. मग लग्नं. मग उन्हाळा, आणि लोणावळ्यात घर असलेल्या माणसाला उन्हाळ्यात नातेवाईक कमी पडत नाहीत. ही सगळी कारणं खरी होती. तरी मूळ कारण वेगळं होतं. दिवसभर मी दुसऱ्यांच्या मालातल्या चुका काढतो. माझं विमान पूर्ण झालं असतं तर त्यातल्या चुका मी कशा लिहिल्या असत्या ते मला शब्दाशब्दाने ठाऊक होतं. अर्धवट विमानाला चूक नसते. ते अजून व्हायचं असतं.

कारखान्यात मला विमानवाले म्हणायचे. माझं एकही विमान तिथे कुणी पाहिलं नव्हतं, पण मी बोलायचो फार. कुठल्या विमानाचं नाक कसं, कुठल्या देशाचा हिरवा रंग कसा. जेवताना कुणी म्हणायचं, "विमानवाले, आज कुठवर आलं?" मी म्हणायचो, "पंखापर्यंत." हसायचे. मला ते आवडायचं. आमच्याकडे कुणी क्रिकेटवाला, कुणी शेअरवाला, कुणी गडकिल्लेवाला. मी विमानवाला होतो, आणि ते नाव दुसऱ्या कुणाचं नव्हतं.

मग तो आला. प्लॅनिंगला होता, माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी लहान. प्लॅनिंगची माणसं आम्हाला नेहमी नको असतात, कारण त्यांना माल पुढे सरकवायचा असतो आणि आम्ही अडवतो. पण हा गोड बोलायचा. एकदा होल्डच्या रॅकपाशी उभा राहून म्हणाला, "दादा, ते विमानांचं खरं का? मला पण शिकवा की राव."

मी शिकवलं. ही गोष्ट मी मनातल्या मनात किती वेळा उगाळली असेल. मीच त्याला पुण्याच्या दुकानात नेलं. पहिलं खोकं मीच निवडलं, सुरी कुठली, गोंद कुठला, ब्रश कसा धुवायचा, सगळं मी सांगितलं. शिकवताना मला फार बरं वाटत होतं. त्याला काहीच येत नव्हतं ना.

महिन्याभरात तो विमान घेऊन आला. पूर्ण. खोबरेल तेलाच्या बाटल्यांच्या खोक्यात, कापसात गुंडाळून. मी ते खिडकीपाशी नेऊन बघितलं. पोटाखालची फट दिसत होती, एका पंखावरची खूण वाकडी होती, काचेला गोंदाचं बोट लागलं होतं. मी सगळं सांगितलं, एकही सोडलं नाही. तो मान हलवत राहिला. "हो ना दादा. पुढच्याला बघतो."

आणि पुढच्याला त्याने ते सगळं दुरुस्त केलं. त्याच्या पुढच्याला अजून काही. त्याचा एकच नियम होता, एक संपल्याशिवाय दुसरं खोकं घरात आणायचं नाही. पावसात रंग कसा देतोस, असं मी विचारलं तर म्हणाला, "बुटाच्या खोक्यात बल्ब लावलाय. आत ठेवतो. मस्त वाळतं." वर्षानुवर्षं मी पावसाला दोष देत होतो आणि ह्याने चाळीस वॅटचा बल्ब लावला. तो राहतो बेगडेवाडीला, तिथे आमच्याइतका दमटपणा नाही, असं मी स्वतःची समजूत घालायला लागलो. बेगडेवाडीच्या कोरड्या हवेचा मला राग यायचा. हे आता लिहिताना हसू येतं, तेव्हा येत नव्हतं.

कारखान्याच्या रिसेप्शनला काचेचं कपाट आहे. त्यात मिळालेल्या ढाली आणि जुने पार्ट ठेवलेत. एक दिवस त्यात त्याचं विमान दिसलं. वरच्या साहेबांनी मागून घेतलं होतं. त्याच आठवड्यात मी कँटीनमध्ये ताट घेऊन उभा होतो आणि मागून कुणीतरी हाक मारली, "ओ विमानवाले, इकडं या."

मी वळलो. हाक मला नव्हती. तो माझ्या मागे उभा होता, आणि लोक त्याला बोलावत होते.

मी पुढे जाऊन आमटी वाढून घेतली. कुणाला काही कळलं नाही. त्यालाही नाही. तो माझ्याच टेबलावर येऊन बसला आणि म्हणाला, "दादा, तुमचं नाव मलाच चिकटवलं यांनी. काय पण लोक."

पावसाळ्याआधी एका रविवारी तो लोणावळ्याला घरी आला. त्याला माझं कपाट बघायचं होतं. मी टाळत होतो, पण बायकोने सरळ दार उघडून दिलं. तो एकेक खोकं काढून बघत होता, आणि एका खोक्यापाशी थांबला. कॅनबेरा. जुनं दोन इंजिनांचं जेट, बॉम्ब टाकणारं. आपल्या हवाई दलात बरीच वर्षं होतं.

"दादा, बाबांनी ह्याच्यावर काम केलंय," तो म्हणाला. "लोहगावला. फिटर होते ते. घरी अजून ह्याच विमानाच्या गोष्टी असतात."

माझ्याकडे ते दोन होते. एक बंद, एक अर्धवट. बंद खोकं त्याच्या हातात होतं. "हे किट आता कुठं मिळत नाही," मी म्हणालो. ते खरंही होतं.

तो खोकं परत ठेवायला लागला. मग जरा थांबून म्हणाला, "बाबांना काचबिंदू आहे. बाजूचं दिसायचं गेलंय, समोरचं तेवढं राहिलंय. डॉक्टर म्हणतात, गेलेलं परत येत नाही, उरलेलं जेवढं टिकेल तेवढं. मला वाटत होतं, एकदा त्यांना त्यांचं विमान उभं करून दाखवावं. दिसतंय तोवर."

"अहो, द्या की मग," बायको म्हणाली. "नाहीतरी होल्डलाच आहे."

दिलं. त्याने दारात वाकून नमस्कार केला तेव्हा मी त्याचा खांदा थोपटला. तो गेल्यावर बायको म्हणाली, "कधी नव्हे ते चांगलं काम केलंत." कपाटात जिथे ते खोकं होतं तिथली मोकळी जागा मला दिवसभर दिसत राहिली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. विमानं दोन प्रकारची असतात. जुन्या लढाऊ विमानांना दोन चाकं पुढे आणि एक बारकं चाक शेपटाखाली, ती शेपटावरच टेकतात. नंतरच्या विमानांना एक चाक नाकाखाली असतं. खरं विमान त्यावर नीट उभं राहतं, पण प्लास्टिकचं मागे कलंडतं. म्हणून धडाच्या दोन फाकी चिकटवायच्या आधी नाकात वजन टाकून ठेवायचं. कुणी गळाचं शिसं टाकतं, मी सायकलच्या दुकानातून छर्रे आणतो. एकदा धड बंद झालं, काच बसली, की मग आत जायला वाट नाही. कॅनबेराला तर भरपूर वजन लागतं. हे मला चांगलं माहीत होतं, कारण माझं अर्धवट कॅनबेरा अर्धवट राहिलं ते त्याच पायी. मी वजन टाकायला विसरलो होतो. टेपने चाकं लावून बघितलं तेव्हा ते शेपटावर बसलं, आणि मी ते खोक्यात घालून ठेवून दिलं.

त्याने तोवर केलेली सगळी विमानं शेपटावर टेकणारी होती. नाकाखाली चाक असलेलं हे पहिलंच.

पुढच्या एका रविवारी दुपारी त्याचा फोन आला. मी जेवून खिडकीत बसलो होतो. "दादा, धड बंद करतोय. सूचनांच्या कागदाच्या पहिल्या पानाचा कोपरा बुरशीने गेलाय, तिथं वजनाची खूण असल्यासारखी वाटते. नाकात वजन टाकायचं का ह्याला? किती?"

बुरशी माझ्या कपाटातली.

"ह्याला लागत नाही," मी म्हणालो.

"नक्की ना?"

"इंजिनं पंखात पुढंच आहेत ना. तोल बरोबर येतो."

"बरं झालं विचारलं," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

मी किती सहज बोललो, त्याचं मलाच आश्चर्य वाटलं. कारण सुद्धा जोडून दिलं, आणि कारण ऐकायला इतकं शहाणपणाचं होतं की क्षणभर मलाच पटलं. मग वाटलं, संध्याकाळी फोन करू, चुकलं म्हणून सांगू. केला नाही.

त्यानंतर तो मला व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवायचा. धड बंद झालं. तरीही वेळ होता, नाकावरच्या काचेच्या मोकळ्या जागेतून छर्रे आत सोडता आले असते. पंख बसले. वेळ होता. मी उत्तर लिहायचो, "अरे, ते वजनाचं," आणि पुसून अंगठा पाठवायचो. मग नाकावरची काच बसल्याचा फोटो आला. काच अगदी स्वच्छ बसली होती. गोंदाचा एक डाग नाही. मी तो फोटो मोठा करून करून चूक शोधली. सापडली नाही. त्या दिवशी मला वाटलं, बरंच झालं वजन नाही ते. असं मला वाटलं, शब्दशः.

माझ्या मत्सरात जातीचं काही होतं का, हेही मी स्वतःला विचारलंय. ते बौद्ध, आम्ही लोणावळ्याशेजारच्या औंढ्याचे, जमीनवाले. त्याच्या घरात आजोबांपासून पगार आणि पुस्तकं, आमच्याकडे वडिलांपर्यंत भात आणि म्हशी. वडील असताना मला खोकी उघडून बसलेलं बघून म्हणायचे, "त्यांची पोरं बघ कुटल्या कुटं गेली, आन् तू हितं डबडी चिकटवतोस." त्यांची म्हणजे कुणाची, ते सांगावं लागत नव्हतं. मी असल्या बोलण्याच्या विरुद्ध आहे असं समजून वाढलो. पण फोनवर खोटं बोलताना त्या वाक्याचा माझ्यावर काहीच असर नव्हता, असं छातीवर हात ठेवून मला म्हणता येत नाही.

पाऊस ओसरल्यावर त्याच्या वडिलांचा वाढदिवस होता. त्यांनी आजवर कधी साजरा करू दिला नव्हता, यंदा मुलाने हट्ट केला. मला आणि बायकोला बोलावणं होतं. बायकोला माहेरी जायचं होतं, मी एकटा गेलो. जायलाच नको होतं. पण मला बघायचं होतं.

बेगडेवाडीला स्टेशनपासून जवळच त्यांचं घर. हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती, वडिलांचा गणवेशातला फोटो, आणि सोफ्यावर, खुर्च्यांवर पंधरा-वीस माणसं. तळेगावजवळच्या इंदुरीहून त्याचे चुलते आले होते, धोतर आणि वर स्वेटर. आल्या आल्या सगळ्यांना जयभीम घालून त्यांनी मला विचारलं, "तुमी लोनावळ्याचं मास्तर व्हय? इमानाचं?"

"मास्तर नाही, कारखान्यात असतो," मी म्हणालो.

"आमचा तर म्हनतो, समदं तुमीच शिकिवलं."

मी चहा घेतला.

विमान आतून आलं. आदल्या संध्याकाळी त्याने शेवटची चाकं चिकटवली होती आणि गोंद वाळायला ते फोमच्या पाळण्यात उलटं ठेवलं होतं. अजून ते एकदाही चाकांवर उभं राहिलं नव्हतं. हे त्यानेच सगळ्यांना कौतुकाने सांगितलं. "बाबांसमोरच पहिल्यांदा ठेवायचं, असं ठरवलं होतं."

तेव्हाही मला बोलता आलं असतं. जरा आत ये, एवढंच म्हणायचं होतं.

त्याने फोम काढला, विमान सुलटं केलं आणि टीपॉयच्या काचेवर ठेवलं. वडील बरोबर समोर बसले होते, त्यांना दिसतं तेवढ्या तुकड्यात ते यावं म्हणून. त्याने हात काढले. क्षणभर तिन्ही चाकं टेकली होती. मग नाक सावकाश वर उठलं आणि शेपूट टक् करून काचेवर बसलं.

त्याने बोटाने नाक खाली दाबलं. सोडल्यावर परत वर आलं. परत दाबलं, परत वर.

"आरं, ह्ये तर ढुंगनावर बसलं की," चुलते म्हणाले.

कुणीतरी हसलं.

"नाक लय वर हाय ह्येचं. सायब झालंय जनू."

आता सगळेच हसले. वाईट मनाने नव्हे, घरचं माणूस पाय घसरून पडलं की हसतात तसं. त्याचे कान लाल झाले होते. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. त्याने एकदा जरी बघितलं असतं तरी मी काय केलं असतं ते मला ठाऊक नाही.

"इकडं दे," वडील म्हणाले.

त्यांनी विमान हातात घेतलं, डोळ्यांसमोर सरळ धरलं आणि हळूहळू सरकवत नाकापासून शेपटापर्यंत बघितलं. मग बोटांनी चाचपलं. पंख, इंजिनाचं तोंड, नाकाखालचं चाक.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "हँगरमध्ये उभं असलं की असंच."

"म्हंजी?" चुलत्यांनी विचारलं.

"पुढचं सामान उतरवलं, टाक्या रिकाम्या केल्या की ते मागं बसायला बघायचं. आम्ही शेपटाखाली टेकू लावायचो. एकदा एक पोरगा टेकू लावायला विसरला. चीफने त्याच्याबरोबर आख्ख्या शिफ्टला मैदानाला चकरा मारायला लावल्या. मी पण होतो त्यात."

असं म्हणून त्यांनी शेजारच्या स्टुलावरून डोळ्यांच्या थेंबांचं बारकं खोकं घेतलं आणि विमानाच्या शेपटाखाली सारलं. नाकाचं चाक खाली टेकलं. "हां. आता झालं हँगरमधलं. फोटो काढा याचा."

सगळे उठून बघायला आले. चुलते म्हणाले, "आसं व्हय. मग सांगायचं की आदी." मुलगा हसायला लागला, आणि वडिलांनी त्याच्या मनगटावर हात ठेवला, तो बराच वेळ काढला नाही.

टेकूची गोष्ट खरी होती का, मला माहीत नाही. खरी असेल. मुलाचं हसं होऊ नये म्हणून त्यांनी ती तिथल्या तिथे रचलेली असली तरी मला नवल वाटणार नाही. मी सोफ्याच्या कडेला बसून बघत होतो आणि मला अपराधी वाटायला हवं होतं. तेव्हा वाटला तो मत्सरच, आधीपेक्षा जास्त. मी त्याला पाडायला निघालो होतो, आणि पडल्यावर त्याला जे मिळालं ते मला कधीच मिळालं नव्हतं.

मी आयुष्यात एकच विमान पूर्ण केलंय, अगदी सुरुवातीचं. ते घेऊन मी औंढ्याला वडिलांकडे गेलो होतो. त्यांनी ते अंगणात बाजेवर बसून उलटंपालटं केलं.

"उडतंय का?"

"नाही."

"मग?" ते म्हणाले, आणि विमान बाजेवर ठेवून गोठ्याकडे गेले. त्यांची काही चूक नव्हती. म्हैस ओरडत होती. पण त्यानंतर मी एकही पूर्ण केलं नाही, हेही खरं.

तो मला स्टेशनवर सोडायला आला. लोणावळा लोकल यायची होती, फलाटावर आम्ही दोघंच बाकावर होतो. मला वाटलं, आता विचारणार. विचारलं असतं तर मी सांगून टाकलं असतं, असं मी अनेकदा स्वतःला सांगितलंय.

तो म्हणाला, "दादा, माझंच चुकलं. मी फोनवर नीट ऐकलं नाही."

"काय?"

"तुम्ही 'लागतं, नाही का' म्हणाला असणार. मला 'लागत नाही' ऐकू आलं. तुमच्याकडं रेंजचा लोचा असतोच. मी मूर्खासारखं पुढं गेलो."

त्याने मी दिलेलं कारणही, इंजिनं पंखात पुढे असल्याचं, डोक्यातून काढून टाकलं होतं. किंवा आठवत असूनही काढलं होतं. माझ्यासाठी त्याने एक दार उघडून धरलं होतं आणि मी त्यातून बाहेर पडलो.

"असेल," मी म्हणालो. "त्या दिवशी रेंज नव्हतीच."

"सॉरी दादा. तुमचं न मिळणारं किट घालवलं मी."

गाडी आली. मी बसलो. तो खिडकीपाशी येऊन म्हणाला, "घरी पोचलात की मेसेज टाका."

फोनवरचं खोटं मला कळतं, ते मत्सराचं होतं. पण फलाटावरचं जास्त वाईट. तिथे मत्सर नव्हता, नुसती भीती होती, आणि मी माझी चूक उचलून त्याच्या कानांवर ठेवली.

त्यानंतर त्याने एकही विमान केलेलं नाही. त्याचा नियम आहे ना, एक संपल्याशिवाय दुसरं नाही, आणि त्याच्या मते ते संपलेलं नाही. धड कापून वजन टाकतो म्हणाला, तर वडील हात लावू देत नाहीत. "टेकू आहे ना," म्हणतात. दुसरं किट त्याने पुण्यामुंबईत विचारलं, कुठे नाही. रिसेप्शनच्या कपाटातलं त्याचं विमान तसंच आहे, पण कँटीनमध्ये हल्ली त्याला कुणी विमानवाले म्हणत नाही. मलाही म्हणत नाहीत. ते नाव आता कुणाचंच नाही. मध्यंतरी मी वडिलांची तब्येत विचारली तर म्हणाला, "समोरचा तुकडा बारीक होतोय दादा. पेपर वाचताना एका वेळी एकच शब्द दिसतो म्हणतात."

हे ऐकलं त्या दिवशी घरी येऊन मी माझं अर्धवट कॅनबेरा बाहेर काढलं. बायकोने बघितलं, पण होल्डचं काही म्हणाली नाही. मी बारीक करवतीने त्याचं नाक कापलं, छर्रे भरले, गोंद ओतला, परत जोडलं, पुट्टी लावली, घासलं. टेपने चाकं लावून टेबलावर ठेवलं. उभं राहिलं. मी त्याला फुंकर मारून बघितली, टेबल हलवून बघितलं. उभंच. आता बाहेर धुकं आहे आणि मी बुटाच्या खोक्यात बल्ब लावून रंगाचा पहिला हात वाळवतोय. दुसरा हात राहिलाय, खुणा राहिल्यात, काच राहिलीय.

मत्सर गेलेला नाही. घासताना मधेच मनात येतं की माझ्या पंखाचा जोड त्याच्यापेक्षा बरा निघाला, आणि बरं वाटतं. मग ते बरं वाटणं घेऊनच मी पॉलिश पेपरचा पुढचा तुकडा कापतो आणि घासत राहतो. ते जाईपर्यंत थांबायचं म्हटलं तर हेही त्या कपाटातच जाईल, आणि त्या वडिलांकडे तेवढा वेळ नाही.

मी त्याला एक पूर्ण झालेलं कॅनबेरा देणं आहे, तीन चाकांवर आपलं आपण उभं राहणारं. ते त्याच्या वडिलांसमोर ठेवायचं आहे, आणि त्या दोघांना सांगायचं आहे की त्या रविवारी रेंज चांगली होती, त्याने बरोबर ऐकलं होतं, मी 'लागत नाही' असंच म्हणालो होतो. यातलं काहीही मी अजून दिलेलं नाही.